पुणतांब्याच्या ज्या अण्णांच्या गाण्यांना उथळ म्हटलं गेलं, त्यांच्याच चालीने नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणलं

२६ जानेवारी असो की १५ ऑगस्ट, सकाळी सकाळी गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर सुरू होतो आणि एक गाणं लागतंच. 'ऐ मेरे वतन के लोगो'. शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या झेंडावंदनाला, एसटी स्टँडवर, सगळीकडे.

हे गाणं कुणाचं, असं विचारलं तर लहान पोरगंही सांगेल, लता मंगेशकरांचं. थोडं जास्त माहिती असलेला सांगेल, लिहिलं कवी प्रदीप यांनी. आणि पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ही गोष्ट तर सगळ्यांनाच पाठ आहे.

पण चाल कुणाची? इथे बरेच जण अडकतात.

ती चाल एका मराठी माणसाची. गंमत म्हणजे या माणसाने आयुष्यभर लोकांना नाचवलं. सिनेमाच्या गाण्यात सॅक्सोफोन आणला, ट्रम्पेट वाजवायला लावला, रॉक अँड रोल आणलं. 'ही कसली गाणी' म्हणून त्याच्यासारख्यांच्या नावाने बोटंही मोडली गेली. त्या माणसाचं नाव सी. रामचंद्र. घरचे आणि फिल्म इंडस्ट्रीतले लोक त्यांना अण्णा म्हणायचे.

पुणतांबा हे नाव आजच्या पिढीला माहीत आहे ते २०१७ च्या शेतकरी संपामुळे. जुन्या माणसांना ते चांगदेवांच्या समाधीमुळे माहीत असतं. नगर जिल्ह्यातल्या गोदावरीकाठच्या या गावात १२ जानेवारी १९१८ ला रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. शेजारीच चितळी नावाचं गाव आहे, चितळकर हे आडनाव तिथलं.

पोराला गाण्याचा नाद होता. नागपुरात शंकरराव सप्रे आणि पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिक्षण झालं. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पुढे ज्या माणसाला लोक 'इंग्रजी चालीवाला' म्हणणार होते, त्याची सुरुवात तंबोऱ्यापासून झाली होती, हे ध्यानात ठेवा.

पण डोक्यात सिनेमा होता, आणि तोही हिरो व्हायचा. विशेष म्हणजे संधी मिळालीसुद्धा. १९३५ च्या सुमारास वाय. व्ही. राव यांच्या 'नागानंद' या चित्रपटात ते नायक झाले. चित्रपट आपटला आणि हिरो परत रस्त्यावर आला.

मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये बारीकसारीक कामं मिळू लागली. गर्दीत उभं राहायचं, एखादं वाक्य बोलायचं. अभिनयात काही जमत नव्हतं, पण हार्मोनियमवर हात चांगला होता. तिथल्या बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना ते साथ करू लागले. चाल कशी बसवतात, वादकांना कसं सांभाळतात, रेकॉर्डिंग कसं होतं, हे सगळं ते या पेटीमागे बसून शिकले.

याच काळात त्यांच्या आयुष्यात आणखी एक मराठी माणूस आला. गिरणी कामगाराचा मुलगा, तालमीत कमावलेलं शरीर आणि सिनेमाचं वेड. भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा.

भगवानदादा तेव्हा कमी पैशातले मारधाडीचे सिनेमे काढायचे. मद्रासच्या बाजूला जाऊन त्यांनी 'जयकोडी' आणि 'वनमोहिनी' हे तमिळ चित्रपट केले आणि संगीताला सोबत नेलं ते या मित्राला. पुणतांब्याच्या पोराने संगीतकार म्हणून पहिलं काम केलं ते अशा भाषेत, जी त्याच्या घरात कुणी बोलत नव्हतं. १९४२ च्या 'सुखी जीवन'मधून हिंदीत पाऊल पडलं, तेही भगवानदादांसोबतच.

नावाचीही एक गंमत आहे. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि कधी राम चितळकर. त्यामुळे रेडिओवर संगीत सी. रामचंद्र आणि गायक चितळकर असं ऐकलं, तरी ही दोन माणसं नाहीत, हे कित्येकांना ठाऊकच नसायचं.

१९४७ साली फिल्मिस्तानचा 'शहनाई' आला. दिग्दर्शक होते पी. एल. संतोषी. नावात सनई, पण गाजलं ते 'आना मेरी जान संडे के संडे'. त्यात गिटार होती, माउथ ऑर्गन होता, सॅक्सोफोन होता. शब्द अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी. हे सगळं आलं कुठून?

अण्णांना अमेरिकन जॅझ आवडायचं. बेनी गुडमन या क्लॅरिनेट वादकाचे ते चाहते होते. पण नुसतं आवडून काय होतंय, वाजवणारे हात लागतात. ते हात गोव्याचे होते.

गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जायचं. ही मुलं मोठी होऊन मुंबईत आली आणि हॉटेलांत, क्लबांत जॅझ वाजवू लागली. रात्री ताजसारख्या हॉटेलात आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा, गोयंकार असिस्टंट ती कागदावर उतरवायचा, कोणत्या वाद्याने कुठे काय वाजवायचं ते ठरवायचा आणि तीसचाळीस वादक एकसाथ वाजवायचे. हिंदी सिनेमाचं गाणं कित्येक वर्षं असंच तयार होत होतं.

अण्णांचा असा साथीदार म्हणजे हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. ट्रम्पेट असं वाजवायचे की भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांचं नाव झालं होतं.

१९४९ ला 'पतंगा' आला आणि 'मेरे पिया गये रंगून' घराघरात पोहोचलं. शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर यांनी ते गायलं. नवरा रंगूनमध्ये, बायको डेहराडूनला आणि मधे टेलिफोन, एवढाच मामला.

आज ते नुसतं गमतीचं गाणं वाटतं. पण तेव्हाच्या लोकांना रंगून हे नाव जवळचं होतं. ब्रह्मदेशात लाखो भारतीय नोकरी-धंद्याला गेले होते. १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं तेव्हा त्यातले कित्येक जण जंगलं-डोंगर तुडवत पायी भारतात परतले. सात वर्षांपूर्वीचीच ही गोष्ट. घरातलं माणूस रंगूनला असणं आणि त्याची खुशाली न कळणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्यांना माहीत होतं. त्या दुराव्यावर अण्णांनी हसणारी चाल लावली आणि लोकांनी ती उचलून धरली. आजही त्या गाण्याचे रिमिक्स निघतात.

मग आलं १९५१ आणि भगवानदादांचा 'अलबेला'.

मारधाडीचे सिनेमे पुरे, आता सामाजिक चित्रपट काढ, असं राज कपूर यांनी भगवानदादांना सुचवल्याचं सांगतात. दादांनी गीता बालीला सोबत घेतलं, गाणी राजेंद्र कृष्ण यांच्याकडून लिहून घेतली आणि संगीत अर्थातच अण्णांकडे दिलं. 'शोला जो भडके'मध्ये बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन असं सगळं आहे. चिक चॉकलेट तर या सिनेमात आपला बँड घेऊन पडद्यावरच दिसतात.

थिएटरात लोक उठून नाचायचे, पडद्यावर चिल्लर उधळायचे. भगवानदादांची ती ठुमकत चालण्याची स्टेप पुढे किती जणांनी उचलली याची गणती नाही. गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत ती अजून दिसते.

पण याच सिनेमात 'धीरे से आजा री अंखियन में' ही अंगाईसुद्धा आहे. इतकी हळुवार, की ऐकणाऱ्याला खरंच पेंग यावी. चाल अण्णांचीच. ट्रम्पेटचा दंगा करणारा माणूस शांतही होऊ शकतो, हे तिथे कळत होतं. पण लोकांच्या लक्षात दंगाच राहिला.

आणि दंगा न आवडणारेही होतेच.

१९५२ मध्ये केंद्रात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताची जाण असलेले. सिनेमाची गाणी हलकी होत चाललीत, त्यात पाश्चात्त्य नक्कल वाढलीये, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, निर्मात्यांशी वाद झाला आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळपास गायबच झाली.

लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि श्रीलंकेचं स्टेशन लावलं. रेडिओ सिलोनवर डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि सगळा देश बुधवारची वाट बघायला लागला. शेवटी सरकारला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

या भांडणात अण्णांसारखे संगीतकार मधल्या मधे सापडले होते. त्यावर त्यांनी भाषणं दिली नाहीत. १९५३ मध्ये 'अनारकली' दिला.

खरं तर 'अनारकली' आधी दुसऱ्या संगीतकाराकडे होता. वसंत प्रकाश यांनी काम सुरू केलं होतं, त्यांचं एक गाणं सिनेमात आहेही. बाकीचा चित्रपट अण्णांकडे आला. मुघल दरबाराची गोष्ट, तिथे सॅक्सोफोन चालणार नव्हता. अण्णांनी विनायकबुवांकडची शिदोरी बाहेर काढली. बागेश्रीत 'जाग दर्द-ए-इश्क जाग' बांधलं, भीमपलासीत 'ये जिंदगी उसी की है'. 'अनारकली' त्या वर्षीचा सगळ्यात मोठा हिट ठरला. आणि 'ये जिंदगी उसी की है' हे बिनाका गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत पहिल्या नंबरला बसलं.

पुढचा किस्सा 'आझाद'चा. १९५५ चा हा दिलीपकुमार आणि मीनाकुमारीचा सिनेमा कोइम्बतूरच्या एस. एम. श्रीरामुलू नायडूंनी काढला. नायडूंना सगळी गाणी महिन्याभरात हवी होती. ते आधी नौशाद यांच्याकडे गेले, पण एवढ्या घाईत काम करायला नौशाद यांनी साफ नकार दिला. अण्णा हो म्हणाले आणि त्यांनी ते करूनही दाखवलं. 'आझाद'ची गाणी धो धो चालली. त्यातलं 'कितना हसीं है मौसम' तलत महमूद गाणार होते, पण ते वेळेवर मिळेनात म्हणून अण्णांनी स्वतःच गायलं, असं सांगतात. त्यांनी आवाज असा लावला, की अजूनही कित्येक जण ते गाणं तलतचं समजून ऐकतात.

१९५७ च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' तर सगळ्यांना माहीत आहेच. अण्णांच्या म्युझिक रूमबाहेर पोरं खेळताना इंग्रजी बडबडगीत म्हणत होती, त्यावरून ते सुचलं, असा किस्सा आहे. त्यांचे असिस्टंट जॉन गोम्स गोव्याचे. त्यांनी त्यात कोंकणीतलं 'माका नाका' घुसवलं. म्हणजे चक्क 'मला नको'. किशोरकुमार ते गायला लागला आणि सगळा भारत अर्थ न कळता कोंकणी बोलायला लागला. हिंदी सिनेमातल्या पहिल्या रॉक अँड रोल गाण्यांमध्ये याचं नाव घेतात.

इथपर्यंत सगळं वर वर जात होतं. मग उतरण लागली.

पन्नासचं दशक संपता संपता अण्णा आणि लता मंगेशकर यांच्यात बिनसलं. का बिनसलं यावर आजवर भरपूर बोललं गेलंय, पण कामाच्या हिशेबात त्याचा अर्थ सरळ होता. 'अलबेला'पासून 'आझाद'पर्यंतच्या यशाचा मोठा वाटा लताबाईंच्या आवाजाचा होता आणि तो आवाज आता मिळणार नव्हता. १९५९ च्या व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग'मध्ये आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांना घेऊन अण्णांनी 'आधा है चंद्रमा'सारखं गाणं दिलं, ते गाजलंही. पण शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचा जमाना जोरात होता. अण्णांच्या दारातली निर्मात्यांची वर्दळ कमी होत गेली.

अशात १९६२ चा ऑक्टोबर उजाडला. चीनने हल्ला केला. महिन्याभरात युद्ध संपलं, पण देश हादरला होता. रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग आणि त्यांच्या तुकडीतले शंभराहून जास्त जवान बर्फात लढता लढता मारले गेले.

जवानांसाठी निधी उभा करायला फिल्म इंडस्ट्रीने दिल्लीत मोठा कार्यक्रम ठरवला. अण्णांना गाणं द्यायचं होतं. ते कवी प्रदीप यांच्याकडे गेले. दोघांची जोडी जुनी. 'नास्तिक' आणि 'पैगाम'मध्ये त्यांनी सोबत काम केलं होतं. प्रदीप माहीमच्या समुद्रकिनारी फिरायला गेले असताना त्यांना ओळी सुचल्या आणि त्यांनी कुणाकडून तरी पेन मागून सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर त्या उतरवल्या, असं सांगितलं जातं.

आता प्रश्न गायचं कुणी. अण्णा आणि लताबाई बोलत नव्हते. आधी आशा भोसलेंचं नाव पुढे आलं, मग दोघी बहिणींनी मिळून गायचं ठरलं. प्रदीप यांचा आग्रह मात्र लताबाईंसाठी होता. शेवटी लताबाई एकट्याच गाणार, असं ठरलं. तालमीला वेळच नव्हता. अण्णा कार्यक्रमाच्या आधीच दिल्लीला निघून गेले. त्यांनी दिलेली टेप ऐकून लताबाईंनी गाणं बसवलं.

२७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. समोर राष्ट्रपती राधाकृष्णन, पंतप्रधान नेहरू आणि हजारोंची गर्दी.

अण्णांच्या हाताशी वाद्यांचा ताफा होता. युद्धाचं गाणं म्हणजे ढोल-नगारे, तुताऱ्या, वीरश्री, हाच कुणाचाही पहिला विचार. अण्णांनी उलटं केलं. सुरुवात तालाशिवाय. एक बाई शांतपणे लोकांना हाक मारून काही सांगतेय, असं वाटावं. मग हलकेच ठेका येतो, तोही संथ. सूर हळूहळू वर जातो आणि कोरस मागून साथ देतो. आरडाओरडा कुठेच नाही. हरलेल्या, दुखावलेल्या देशाला गर्जना नको होती, त्याला रडायला जागा हवी होती. ती जागा त्या चालीत होती.

गाणं संपल्यावर नेहरूंनी लताबाईंना बोलावून घेतलं. त्यांचे डोळे पाणावले होते. ही बातमी देशभर गेली आणि गाणं सिनेमात नसूनही सिनेमातल्या कोणत्याही गाण्यापेक्षा मोठं झालं.

कवी प्रदीप यांना त्या कार्यक्रमाचं बोलावणंच नव्हतं. नेहरू नंतर मुंबईला आले तेव्हा प्रदीप यांनी त्यांना ते गाणं म्हणून दाखवलं. गाण्याची रॉयल्टी त्यांनी युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांच्या निधीला दिली होती. ते पैसे पोहोचत नाहीत म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेकॉर्ड कंपनीला १० लाख रुपये भरायला सांगितले. म्हणजे कवीची आठवणही लोकांना उशिरा झाली. संगीतकाराची तर त्याहून कमी.

कारण एवढं मोठं गाणं देऊनही अण्णांचे दिवस पालटले नाहीत. सिनेमे येत राहिले, पण पूर्वीची चलती आली नाही. मग ते मराठीकडे वळले. 'धनंजय' आणि 'घरकुल' हे चित्रपट त्यांनी स्वतः काढले, त्यांचं संगीत केलं आणि त्यात कामही केलं. 'घरकुल'मधलं सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे' आशाताईंच्या आवाजात आजही रात्री उशिरा कुणी ना कुणी ऐकतच असतं. 'पप्पा सांगा कुणाचे' ऐकत तर मराठी घरांतल्या दोनतीन पिढ्या मोठ्या झाल्या. गदिमांच्या 'गीतगोपाल'लाही त्यांचंच संगीत. १९७७ मध्ये 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं, त्यातल्या मजकुरावरून वादही झाले.

५ जानेवारी १९८२ ला मुंबईत अण्णा गेले. ६४ वा वाढदिवस एका आठवड्यावर होता. त्यांचा जोडीदार भगवानदादांनी 'अलबेला'च्या पैशातून बंगला आणि गाड्या कमावल्या, पुढच्या सिनेमांत त्या गमावल्या आणि २००२ मध्ये दादरच्या चाळीत जगाचा निरोप घेतला. दोघांची गाणी मात्र एक दिवसही थांबली नाहीत.

शेवटी एक गोष्ट सांगायलाच हवी.

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात सैन्यदलांच्या बँडचा 'बीटिंग रिट्रीट' सोहळा होतो. १९५० पासून तिथे गांधीजींच्या आवडीची 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थना वाजायची. २०२२ मध्ये ती वगळली गेली आणि 'ऐ मेरे वतन के लोगो' आलं. त्या निर्णयावर दोन्ही बाजूंनी वाद झाले, तो विषय वेगळा.

पण त्या संध्याकाळी विजय चौकात जे वाजलं ते नीट आठवून बघा. बँड शब्द म्हणत नाही, म्हणजे प्रदीप यांच्या ओळी नव्हत्या. लताबाईंचा आवाजही नव्हता. वाजली ती फक्त चाल. आणि ती वाजवली ट्रम्पेट-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांनी, जी सिनेमात आणली म्हणून अण्णांना उथळ ठरवलं गेलं होतं.

पुढच्या २६ जानेवारीला स्पीकरवर ते गाणं लागेल, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, चाल कुणाची? नाही सांगता आलं, तर सांगून टाका. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची.